तीन टिचक्यांचा मीटर

…आणि वर मला म्हणतो कसा, "बाबा, याला आता शोकेसमध्ये ठेवा." शोकेसमध्ये! तुम्हाला सांगतो, मी एक अक्षर बोललो नाही, जावई पडला ना, जावयाला काही बोललं की अर्ध्या तासात मुलीचा फोन येतो, "बाबा, तुम्ही यांना काय म्हणालात?" म्हणून आपला चहा पुढे केला, हसलोसुद्धा, पण आतून असा उकळत होतो म्हणता… अहो, ज्या मीटरनं सव्वीस वर्षं माझ्यासमोर बसून कोण जिवंत आणि कोण मेलेला याचा निकाल दिला, तो शोकेसमध्ये? मग मलाही बसवा की त्याच्या शेजारी, पाय दुमडून!

आणि का, तर म्हणे याच्यावर आकडे येत नाहीत, नुसता काटा हलतो. अरे बाबा, मीटर आहे तो, काटा हलणार नाही तर काय शेपूट हलणार? आकड्याचं कसलं आलंय कौतुक? वजनाचं यंत्र आकडा दाखवतं, लिफ्ट आकडा दाखवते, बसच्या कपाळावर आकडा असतो आणि ती बस भलतीकडेच जाते. आकडा काय, कुणीही दाखवतं हो!

थांबा, तुम्ही माझं टेबल पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला यातलं दुःख कळायचं नाही. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल. मुलीचं अभ्यासाचं होतं, तिचं लग्न झालं तसं माझ्या ताब्यात आलं. त्यावर सोल्डरिंगचे जळके डाग, बरण्यांत स्क्रू, एका ताटलीत रेडिओचे सुटे अवयव, आणि मधोमध हा, मल्टिमीटर. काळा, बेकलाइटचा, वजनाला वीट. काचेला एक तडा, पण तो कडेला, त्याचा कुणाला त्रास नाही. काट्याच्या मागे आरशाची बारीक पट्टी. ती कशाला? तर काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की समजायचं, बघणाऱ्याची नजर सरळ आहे. बघा बरं! माणसाची नजर सरळ आहे की नाही हे तपासून मग व्होल्टेज सांगणारा मीटर! आजकाल माणसं तरी असं करतात का?

आता थोडं त्याच्या कलानं घ्यावं लागायचं, नाही म्हणत नाही. काळी वायर सरळ धरायची नाही, जरा तिरकी, बोटभर वर. आणि काचेवर तीन टिचक्या. दोन नाही, चार नाही, तीन! दोन मारल्या तर काटा अर्ध्या वाटेत रुसून बसतो, चार मारल्या तर असा उडतो की परत यायचं नाव नाही. तीन टिचक्या मारल्या की जिथे उभा राहील तिथे उभा. मग त्यात बदल नाही.

मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. एकतीस वर्षं एकच काम. माल समोर आला, बघितला, हिरवी चिठ्ठी नाहीतर लाल चिठ्ठी. पास, नापास. माणसाला सवय लागते हो त्याची. घरी आलो तरी बोटं शिवशिवतात. म्हणून सेल. घड्याळाला, टॉर्चला, रिमोटला, जो काही सेल घरात येईल तो आधी माझ्या टेबलावरून जाणार. वायर तिरकी, तीन टिचक्या, काटा दीड व्होल्टपर्यंत गेला तर पास. नाही गेला तर लाल पेनानं फुली, फुलीखाली तारीख, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात रवानगी. डब्यावर मी झोकदार अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'मेलेले'.

आणि तुम्हाला सांगतो, दहातला एक पास व्हायचा. एक! बाकी नऊ नवे कोरे, कागद फाडलेला ताजा, आणि मेलेले! म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार काय विकतो बघा. मी काय सोडतोय होय? मीटर बगलेत मारायचा आणि थेट दुकानात, भर गर्दीत, त्याच्या काउंटरवर. तो बिचारा हात जोडून, "काका, सीलबंद माल आहे हो, मी काय आत जाऊन बघतो?" मी म्हणायचो, तू नको बघूस, हा बघतो! टिक टिक टिक. हे बघ, एक पॉइंट दोन. गिऱ्हाइकं वाकून बघायची, माना डोलवायची, दोघंतिघं हातातले सेल परत ठेवून जायची. पुढे पुढे मी रस्त्यात दिसलो की तो सेलांचं खोकं काउंटरखाली सरकवायचा. मी म्हणायचो, बघा, चोराच्या मनात कसं असतं!

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. तो डबा कधी भरत नसे. इतकी वर्षं मी त्यात मेलेले टाकतोय, टाकतोय, आणि डबा आपला अर्धाच. मला वाटायचं, ही आवरताना टाकून देत असेल. ही म्हणजे आमची ही, घरात दुसरं कोण आहे? आणि आणखी एक. हिला सगळ्या बातम्या आधीच ठाऊक. मी संध्याकाळी मोठ्या थाटात सांगायला जावं, "अगं, तो पूल उद्यापासून बंद," की ही भाजी निवडता निवडता, "हो, दहा दिवस." बसच्या वेळा बदलल्या, हिला ठाऊक. वादळ येणार, हिनं दोरीवरचे कपडे आधीच काढलेले. मी समजायचो, शेजारीण सांगत असेल. पण ते असो, मी त्या नव्या मीटरचं सांगत होतो.

तर जावईबापूंनी माझ्या वाढदिवसाला हा आणला. पिवळा. अंगात रबरी कोट घातल्यासारखा. बटण दाबलं की दिवा लागतो, वायरी एकमेकींना लागल्या की पीं करून ओरडतो, आणि रेंज आपली आपण ठरवतो. म्हणजे मी काय करायचं? बघत बसायचं? आणि कहर म्हणजे आपोआप बंद होतो! माणूस एका हातानं वायर धरतोय, दुसऱ्या हातानं चष्मा सावरतोय, आणि हा झोपला! मी चालू ठेवायला काय पगार देतो का त्याला? शिवाय दशांशानंतर तीन आकडे, त्यातला शेवटचा सारखा नाचतोय, सात, आठ, सात, नऊ… अरे एकदा काय ते ठरव! जावई बाजूला उभा राहून, हाताची घडी घालून, "बाबा, फार अचूक आहे हा." मी म्हटलं, असेल. आकडा काय, कुणीही दाखवतं.

पण जावयानं दिलेली वस्तू, न वापरून सांगतो कुणाला? पुढच्या रविवारी दोघं येणार, टेबलावर नजर टाकणार. म्हणून म्हटलं, एकदा दोघांना समोरासमोर बसवू, म्हणजे याचं पितळ उघडं पडेल आणि प्रश्न मिटेल. नवा सेल घेतला. आधी माझा. वायर तिरकी, टिक टिक टिक. एक पॉइंट दोन. मेलेला. मग तो पिवळा. एक पॉइंट पाच आठ! मी म्हटलं, वा रे वा, तोंडपुजा! समोर जो येईल त्याला छान छान म्हणायचं! दुसरा सेल लावला. एक पॉइंट पाच सात. तिसरा, तोच प्रकार. सगळेच जिवंत! अहो, असा कुठे तपासनीस असतो का? एकतीस वर्षांत मी एकही खोकं सगळंच्या सगळं पास केलेलं नाही!

आता निवाडा करायला तिसरा माणूस पाहिजे. आमच्या गल्लीच्या टोकाला वायरमन आहे, सगळे त्याला फ्यूजमामा म्हणतात, कारण काहीही बिघडलं तरी तो आधी "फ्यूज बघितला का?" एवढंच विचारतो. त्याचं दुकान नेमकं त्या सेलवाल्या दुकानदाराला लागून. माझी साप्ताहिक सुट्टी होती, दोन्ही मीटर पिशवीत घातले, तीन सेल खिशात, आणि गेलो. फ्यूजमामानं आपला स्वतःचा मीटर काढला, कळकट, चिकटपट्टी लावलेला, आणि सेलाला लावला. एक पॉइंट पाच सात. मी म्हटलं, तुझाही बिघडलाय. त्यानं माझा मीटर घेतला, मागचे चार स्क्रू काढले, आत बघितलं, काळी वायर हातात घेऊन वाकवली, सरळ केली, वाकवली…

"काका, आतला रेझिस्टर चढलाय. हा सगळ्यालाच कमी दाखवतो. आणि ही वायर आतून तुटलीय. निम्म्या वेळा तर हा काहीच दाखवत नसणार."

"कधीपासून?" मी विचारलं.

"ते कसं सांगू? गंज बघता दहा-बारा वर्षं तरी."

आणि मागे वळून बघतो तर दुकानदार दारात उभा. सगळं ऐकलेलं! मला वाटलं, आता हा माझी अब्रू काढणार, सगळ्या वर्षांचं एकदम काढणार, गर्दी गोळा करणार. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो, उलट दोन मीही घातल्या असत्या. पण तो फक्त म्हणाला, "म्हणजे काका, माझे सेल चांगले होते?" एवढंच. लहान मुलासारखं तोंड करून. मी दोन्ही मीटर पिशवीत कोंबले आणि निघालो. 

आता खरी गोष्ट ऐका. मी हे हसत सांगतोय, पण तेव्हा घराकडे चालताना हसत नव्हतो. सेलांचं काही वाटलं नाही, सेल काय, सेलच. पण तो 'दहा-बारा वर्षं' म्हणाला ना, आणि माझ्या डोक्यात एकदम लखकन आलं… रेडिओ!

माझ्या सासऱ्यांचा रेडिओ. तपकिरी, पुढे जाळीचं कापड, बाजूला दोन गुंड्या. सासरे गेले तेव्हा हिच्या बहिणींनी दागिने वाटून घेतले, हिनं रेडिओ मागितला. रोज दुपारी जेवल्यावर त्याच्याजवळ बसायचे ते, ही त्यांच्या गुडघ्याला टेकून. अकरा वर्षांपूर्वी एक दिवस तो बोलता बोलता गप्प झाला. हिनं तो माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि स्वतः बाजूला उभी राहिली, डॉक्टरसमोर उभं राहावं तशी. मी वायर तिरकी धरली. टिक टिक टिक. काटा हलला नाही. जागा बदलून बघितली. हलला नाही. मी मान हलवली आणि माझ्या त्या तपासणी खात्याच्या आवाजात सांगितलं, "आतली कॉइल गेली. मेला. आता काही होणार नाही याचं." हिनं रेडिओ आपल्या जुन्या शालीत गुंडाळला, कपाटात खालच्या कप्प्यात चादरींखाली ठेवला, आणि त्या दिवशी जेवली नाही. त्यानंतर अकरा वर्षं त्याचं नावही काढलं नाही.

आणि तो मेलेला नसला तर? तुटलेल्या वायरीच्या भरवशावर मी हिच्या वडिलांना… म्हणजे त्यांच्या रेडिओला, पण तिच्यासाठी ते एकच… अकरा वर्षं गाडून ठेवलं असलं तर? काय सांगणार होतो मी हिला? लाज वाटली हो. सरळ सांगतो, लाज वाटली.

घरी आलो. ही भाजी आणायला गेलेली. हिच्या कपाटाला मी कधी हात लावत नाही, पण त्या दिवशी लावला. चादरी उचलल्या, शाल सोडवली, रेडिओ टेबलावर आणला. म्हटलं, आधी जुने सेल काढू, आत फुगून सांडले असतील. मागचं झाकण उघडलं.

आत चार सेल. चकचकीत. आणि चारही सेलांवर लाल फुली! माझी फुली, माझ्या हातची! फुलीखाली तारीख, माझं अक्षर… गेल्या महिन्याची!

मी बघतोय, बघतोय, काही उमजेना. मग हळूच गुंडी फिरवली. टक. आणि आतून एक बाई खणखणीत आवाजात बोलायला लागल्या, की लोकरीचे कपडे कोमट पाण्यात भिजवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत. अहो, हेच! शब्दन्‌शब्द हेच ही मला आठवड्यापूर्वी सांगत होती, मी स्वेटर पिळायला घेतला तेव्हा!

"सापडला वाटतं," मागून आवाज आला. ही दारात. हातात भाजीची पिशवी.

मी विचारलं, "कधीपासून चालतोय हा?"

"तुम्ही मेला म्हणालात, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

मग तिनं शांतपणे सांगितलं, जणू दूध नासलं असं काहीतरी सांगावं. सेलाखालच्या पट्टीला गंज चढला होता, डोक्यातल्या पिनेनं खरवडला. सेल माझ्या डब्यातले घातले. संपले की दुसरे चार, डब्यात काय तोटा! मी सकाळी कारखान्यात जायचो, हिचा रेडिओ दुपारी दोन ते चार. मी यायच्या आत पुन्हा शालीत. अकरा वर्षं! आणि मी समजतोय शेजारीण सांगते!

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"चालतोय म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही उघडला असता."

 आणि तिनं नुसती घरभर नजर फिरवली. छताचा पंखा, चांगला चालत होता, मी जरा सुधारायला घेतला, तेव्हापासून त्याला एकच वेग, वादळाचा. दारावरची घंटा, तिचा आवाज गोड करायला गेलो, आता फ्रीज सुरू झाला की ती वाजते आणि पाहुणा आला की फ्रीज दचकतो. इस्त्री. मिक्सर. त्या मिक्सरचं तर मी तुम्हाला सांगतच नाही. यातली एकही वस्तू बिघडलेली नव्हती हो! सगळ्या माझ्या मीटरनं जिवंत ठरवलेल्या होत्या, म्हणून तर उघडल्या!

मग ती म्हणाली, आवाज न चढवता, "माझ्या बाबांचा घरात एवढाच एक आवाज उरलाय. तो मला उघडलेला नको होता."

  मी जुना मीटर उचलला, म्हटलं याला आता भंगारात देतो, झाली याची शोभा, यानं मला दुकानदारासमोर खाली बघायला लावलं, तुझ्यासमोर लावलं, जावईबापूच बरोबर होते, आकडा तो आकडा. आणि दाराकडे निघालो. तर हिनं माझ्या हातून तो काढून घेतला, पदरानं काच पुसली, आणि परत टेबलावर मधोमध ठेवला, होता तसा!

"हा इथेच राहू दे," म्हणाली. "हा ज्याला मेला म्हणतो, त्याला तुम्ही हात लावत नाही."

फ्यूजमामाचा निरोप आला होता, काका, मीटर आणा, वायर बदलून देतो, रेझिस्टरही घालतो, नव्यासारखा करतो. हिनं परस्पर निरोप धाडला, काही गरज नाही. आणि तो पिवळा? तो हिच्या शिवणाच्या डब्यात गेला. मेलेल्यांच्या डब्यातले सेल ही आता त्याच्यावर तपासून घेते. जावई आला की हीच काढून दाखवते, "जावईबापू, फार अचूक आहे हो." आणि तो माझ्याकडे असा बघतो… बघू दे.

आता मी रिटायर झालो, तीन महिने झाले, दिवसभर घरात. दुपारी दोन वाजले की ही शालीतून रेडिओ काढते आणि माझ्याच टेबलावर आणून ठेवते, आधी तपासा म्हणते. मी वायर तिरकी धरतो. टिक टिक टिक. काटा हलत नाही. मी चष्मा काढतो, मान हलवतो आणि रीतसर जाहीर करतो, मेलाय, याचं काही होणार नाही, कुणी हात लावू नये. "बरं," म्हणते ही, आणि गुंडी फिरवते. मग मेलेला चार वाजेपर्यंत गातो, मी गप ऐकत बसतो… आणि काटा आपला शून्यावर! आकडा काय, कुणीही दाखवतं हो.